फुगवटा

सांगलीला पूर येतो तेव्हा नदीत दोघं उतरलेले असतात. एकाला सगळे ओळखतात. तो वरून येतो. महाबळेश्वर-नवजाचा पाऊस घेऊन, कोयनेच्या वक्र दरवाजांतून, तांबडालाल, मोडलेल्या फांद्या आणि ओंडके ओढत. तो लोंढा. क्युसेकमध्ये त्याची मोजदाद होते, त्याच्या बातम्या येतात, त्याला बघायला माणसं पुलावर जमतात. दुसरा खालून येतो. त्याला आवाज नाही, फेस नाही. त्याचा वेग कुणी विचारत नाही, कारण वेग मारणं हेच त्याचं काम. तो फुगवटा. लोंढा येतो आणि जातो. फुगवटा येतो आणि मुक्काम ठोकतो. मला लिहायचंय ते या दुसऱ्याबद्दल. नदीनं काय पुढे न्यायचं आणि काय मागे ठेवायचं, हे बऱ्याच अंशी तोच ठरवत आलाय.

त्याची पहिली चाहूल नदीवर लागत नाही, शेरीनाल्यावर लागते. एरवी गावातून नदीकडे धावणारा हा नाला आधी मंदावतो, मग जागच्या जागी उभा राहतो, आणि मग त्याच्या पाण्यावरचा कचरा उलट्या दिशेनं, गावाकडे सरकायला लागतो. दत्तनगर, कर्नाळ रोड, सूर्यवंशी प्लॉट या भागांतल्या माणसांना विचारा. पाणी नदीच्या बाजूनं येईल म्हणून ती समोर बघत असतात आणि ते मागच्या गटारीतून वर आलेलं असतं. "फुग आलीय" एवढंच कुणीतरी म्हणतं, आणि खालच्या मजल्यावरचं सामान माळ्यावर चढायला लागतं. मग दिवसभर, रात्रभर एकच प्रश्न फिरत राहतो: "आयर्विनला किती?" १९२९ सालच्या त्या पुलावरचे फुटांचे आकडे सांगलीला तोंडपाठ आहेत. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २००५ साली पाणी पन्नाशीच्या पलीकडे गेलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्याही वर, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पन्नाशी ओलांडली. हे आकडे दोघांचे मिळून आहेत. पाणी किती आलं ते लोंढ्याचं, आणि ते किती दिवस हललं नाही ते फुगवट्याचं.

लोंढ्याचं सगळं बळ उतारात असतं. साडेतेराशे मीटरच्या आसपास उगम पावलेली कृष्णा वाईला पोचेपर्यंतच सहाशे मीटर उतरून आलेली असते. त्या पट्ट्यात ती दगडगोटे ढकलते, काठ कापते. कऱ्हाडच्या खाली उतार मंदावतो आणि सांगलीच्या पुढे तो डोळ्याला कळेनासा होतो. अशा ठिकाणी पुढचं पाणी थोडं जरी चढलं, तरी मागच्या पाण्याला जायला उतारच उरत नाही. फुगवटा नदीशी झुंजत नाही. तो तिच्या पायाखालचा उतार काढून घेतो आणि तिला तिथेच थांबवतो.

थांबलेल्या पाण्याच्या हातून काय काय सुटतं, तेही ठरलेल्या क्रमानं. वाळूचा बारीकसा कण स्थिर पाण्यात मीटरभर खाली जायला मिनिटही घेत नाही. मातीचा अगदी सूक्ष्म कण, मिलिमीटरच्या दोन हजारांशांएवढा, तेवढंच अंतर उतरायला तीन-साडेतीन दिवस घेतो. म्हणून लोंढा अडखळला की वाळू लगेच बसते. पोयट्याला जरा अवकाश हवा असतो. आणि चिकणमाती बसायला तर पाण्यानं मुक्कामच करावा लागतो. पूर ओसरल्यावर घाटाच्या पायऱ्यांवरून अनवाणी चालत गावात यावं. पायऱ्यांवर तळव्याला वाळू लागते. गल्लीच्या तोंडाशी ती संपते आणि बोटांत चोळल्यावर जेमतेम जाणवणारा पोयटा सुरू होतो. आतल्या घरांत, जिथं पाणी शिरलं आणि कोंडून राहिलं, तिथं मऊ, काळपट चिकण. एका घरात मी कपाटाच्या खालच्या फळीवर बसलेला गाळ सुरीनं उभा कापून बघितला होता. बोटभर जाडीचा थर. तळाशी वाळूची एक रेघ, इतकी बारीक की उजेडात तिरकं धरल्यावरच चमकली. तिच्यावर तपकिरी पोयटा. सगळ्यांत वर काळी साय, जी वाळल्यावर भेगाळून कडेनं वर वळली होती. खाली लोंढ्याची सही, वर फुगवट्याची. एवढ्या एका चकतीत त्या पुराचा सगळा हिशेब होता: कधी आला, कधी थांबला, किती काळ राहिला.

घर धुणाऱ्या माणसाला या चकतीचं कौतुक सांगू नये, हे मला कळतं. तो गाळ वाळायच्या आत काढला नाही तर फरशीवरून निघत नाही, आणि कमरेएवढ्या पाण्यात गेलेली गादी, धान्य, पोरांची दप्तरं कुठल्याही शास्त्रानं परत येत नाहीत. पण हाच गाळ समजून घेतल्याशिवाय फुगवट्याशी बोलणीही करता येणार नाहीत.

त्याची ठिकाणं ठरलेली आहेत. कऱ्हाडला कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भिडतात आणि मग दोघी मिळून काटकोनात पूर्वेला वळतात. लोक त्याला प्रीतिसंगम म्हणतात. पण ज्या दिवशी कोयनेला विसर्ग जास्त असतो त्या दिवशी कृष्णा अडून उभी राहते, आणि ज्या दिवशी कृष्णा भरून येते त्या दिवशी कोयनेला वाट मिळत नाही. हरिपूरला संगमेश्वराच्या देवळापाशी हाच प्रकार वारणेशी. नृसिंहवाडीला पंचगंगेशी, म्हणून तर कोल्हापुरात पाऊस उघडल्यावरही पंचगंगा कितीतरी दिवस उतरत नाही, कारण खाली कृष्णा तिला आत घेत नसते. वाडीला याच चढत्या पाण्याची लोक वाट बघतात. पाणी दत्ताच्या पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वाराचा सोहळा, आणि त्या पाण्यात स्नानाला गर्दी. सांगलीत ज्याला धोका म्हणतात त्याच पाण्याला वाडीत पर्वणी म्हणतात. फुगवट्याला दोन्हीचं सोयरसुतक नाही. पुढे वाट मोकळी झाली की तो दोन्ही गावांतून सारखाच उतरतो.

जाताना तो मागे मळी ठेवून जातो. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला मळीची जमीन म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. दरवर्षी पुराचं पाणी चढून थांबलेली, पोयट्याची, पावसाळा सरल्यावर ओल धरून राहणारी काठालगतची पट्टी. कृष्णाकाठच्या वांग्यांचं नाव झालं ते या मळीमुळे. आणि हरिपूरला याच जमिनीनं आणखी एक गोष्ट करून दाखवली. तिथं हळद पेवांत ठेवायची चाल होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेली कोठी. तोंड माणूस उतरेल एवढं अरुंद, आत पोट मोठं, खोली वीस-पंचवीस फूट. हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून बंद करायचं. आत हवा नाही, म्हणून कीड नाही. आजूबाजूची माती इतकी घट्ट की पाण्याचा पाझर नाही. वर्षानुवर्षं हळद तशीच राहायची. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिचा हळदबाजार मोठा झाला त्यात या पेवांचा वाटा फार जुना आहे. ही घट्ट माती आकाशातून पडली नाही. हजारो वर्षांत काठावर चढून थांबलेल्या पाण्यानं ती थरावर थर बसवली. आणि २००५ साली तेच पाणी पेवांच्या तोंडातून आत उतरलं आणि साठवलेली हळद गेली. त्यानंतर पेवं मागे पडली, गोदामं आली.

पेवाची ही रचना मनात पक्की धरून ठेवायला हवी, कारण फुगवट्याचं सगळ्यांत मोठं काम याच रचनेचं आहे, फक्त ते समुद्राकाठी आहे आणि त्यात हळदीच्या जागी वायू आहे.

नदी जमीन किती खोल कापू शकते याला खालून एक हद्द असते, हे १८७५ साली जॉन वेस्ली पॉवेलनं लिहून ठेवलं. यादवी युद्धात उजवा हात गमावलेला हा माणूस कोलोरॅडो नदीच्या महाघळीतून होड्या घेऊन उतरला होता, आणि नदी काय करते ते त्यानं तिच्या पाण्यात बसून बघितलं होतं. त्या हद्दीला भूशास्त्रात आधारपातळी म्हणतात. शेवटची हद्द म्हणजे समुद्र. वाटेत एखादा न झिजणारा खडक, तळं किंवा धरण आलं तर ती तेवढ्यापुरती हद्द. नदी जिथं संपायची आहे ती पातळी वर गेली की फुगवटा मागे सरकतो आणि नदी गाळ टाकत भर घालायला लागते. ती पातळी खाली गेली की फुगवटा पळतो आणि नदी आपणच टाकलेली भर कापत सुटते. आयर्विनच्या पुलावर आठ-दहा दिवसांत घडणारी ही गोष्ट समुद्राकाठी हजारो वर्षांच्या हिशेबानं घडते. फरक काळाचा आहे, स्वभावाचा नाही.

कृष्णेचंच बघा. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, पृथ्वीवरचं पुष्कळ पाणी बर्फात अडकलं होतं आणि समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. बंगालच्या उपसागराचा किनारा आजच्या किनाऱ्यापासून खूप पुढे सरकलेला. पायाखालची पातळी गेली म्हणून कृष्णेनं आपलं जुनं मैदान कापून खोल दरी केली. वाटेत ठेवायला फुगवटा नव्हता, त्यामुळे वाळू थांबली नाही. उथळ समुद्राच्या कडेवरून, पाण्याखालच्या घळींतून ती थेट खोल तळावर गेली. मग बर्फ वितळलं. समुद्र चढत चढत सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या आसपास आला. या चढणीच्या काळात फुगवटा दरीत शिरला आणि नदीला आत आत ढकलत गेला. वाळू दरीच्या तळाशीच अडली, तिच्यावर खाडीचा गाळ बसला, त्यावर समुद्राची चिकणमाती. समुद्र स्थिरावल्यावर मात्र नदीला उसंत मिळाली. तिनं विजयवाड्याच्या खाली हात पसरले आणि समुद्राला मागे रेटत आजचा त्रिभुज प्रदेश तयार केला. जुन्या किनाऱ्यांच्या वाळूच्या लांबच लांब रांगा आज समुद्रापासून कितीतरी आत, भातशेतांच्या मधून दिसतात.

हे एकदा झालेलं नाही. गेल्या पंचवीस-तीस लाख वर्षांत समुद्र असा कितीदा तरी उतरला आणि चढला, आणि त्याआधीही, वेगळ्या कारणांनी, त्याची पातळी हलतच होती. प्रत्येक वेळी वाळू एका जागी, माती दुसऱ्या जागी. पुढे हे सगळं गाडलं गेलं, दाबलं गेलं, वाळूचा वालुकाश्म झाला आणि मातीचा शेल. खालच्या सेंद्रिय गाळातून तयार झालेला वायू वर सरकताना वाळूच्या कणांमधल्या बारीक मोकळ्या जागांत शिरला आणि वरच्या चिकणमातीपाशी अडला. हे झालं जमिनीखालचं पेव: पोटात वाळू, तोंडावर लिंपण. हरिपूरच्या पेवाचं पोट रिकामं खणलेलं असतं, इथं मात्र पोकळी अशी कुठेच नाही. जे काही साठतं ते दाण्यादाण्यांच्या फटीत. आणि लिंपण करणारा हात इथेही त्याचाच.

या पेवांचा शोध आपल्याच देशानं घेतला. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात ओएनजीसीला १९८७ साली रव्वा हे तेलक्षेत्र सापडलं. तिथला साठा त्रिभुज प्रदेशाच्या आणि किनाऱ्याच्या जुन्या, मायोसीन काळातल्या वाळूंमध्ये आहे. २००२ साली रिलायन्सला केजी-डी६ मध्ये वायू लागला, आणि २००९ च्या एप्रिलमध्ये तो बाहेर यायला लागला. या वाळू त्यापेक्षा तरुण आणि खोल पाण्यातल्या, म्हणजे किनारा ओलांडून तळावर गेलेल्या. २०१५ साली 'चिक्यू' या जपानी जहाजावरून याच खोऱ्यात खोल समुद्रात विंधनं झाली तेव्हा वाळूच्या थरांमध्ये गोठलेल्या रूपातला वायू, म्हणजे गॅस हायड्रेट, मोठ्या प्रमाणात सापडला. त्या वाळू तिथवर कशा पोचल्या याचं उत्तर शोधताना भूशास्त्रज्ञ समुद्राच्या जुन्या पातळ्याच तपासतात.

नुसती वाळू असून भागत नाही. एका विहिरीतून किती वायू येणार, हे एक वाळू दुसरीला कुठे लागलेली आहे यावर ठरतं. पातळी सावकाश चढत असेल तर नदीला वर भर घालायला जागा थोडी मिळते. ती मैदानावर इकडून तिकडे सरकत राहते, मध्ये बसलेली माती पुन्हा कापून नेते, आणि शेवटी वाळूला वाळू लागून एक सलग चादर तयार होते. पातळी भराभर चढत असेल तर पुराची माती कापली जायच्या आतच गाडली जाते. मग जुनी पात्रं मातीच्या पोटात एकेकटी, एकमेकींपासून तुटलेली पडून राहतात, आणि शेजारशेजारच्या विहिरींतही एकीचा दुसरीशी संबंध नसतो. केजी-डी६ चं उत्पादन अपेक्षेपेक्षा फार लवकर उतरलं, तेव्हा कंपनीनं भूगर्भाच्या गुंतागुंतीकडे बोट दाखवलं आणि सरकारनं कमी विहिरी खणल्याकडे. त्या वादाचा निकाल देणं माझं काम नाही. पण वादाच्या मुळाशी हाच प्रश्न होता, की कुठली वाळू कुठल्या वाळूला जोडलेली आहे.

जुन्या नद्यांची ही वाळू हाताला लावून बघायची असेल तर सांगलीहून बदामी फार लांब नाही. चालुक्य मंगलेशाचा इ. स. ५७८ चा लेख असलेलं तिसरं लेणं बघताना मूर्तींवरून नजर जरा बाजूला घ्यावी. खांबांत आणि भिंतींत तिरप्या रेघांचे पट्टेच्या पट्टे दिसतात. एक पट्टा एका बाजूला झुकलेला, वरच्या पट्ट्यानं त्याचं डोकं छाटलेलं. त्या रेघा नदीच्या तळावर सरकत गेलेल्या वाळूच्या लाटांच्या आहेत. जमिनीवर झाडं यायच्या कितीतरी आधीचा हा काळ. काठ धरून ठेवायला मुळं नव्हती, नद्या रुंद पसरून वाहायच्या आणि माती टिकतच नसे. म्हणून इथं वाळूवर वाळूच आहे. छिन्नीला सलग दगड मिळाला तो त्यामुळे.

आता सातारा-सांगलीच्या वाट्याचं काय? हा प्रश्न मला फार दिवस छळत होता, आणि त्याचं उत्तर खडकातच आहे. आपला खडक बेसाल्ट. त्यात गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा, कण जवळजवळ नाही. पोकळ्यांतून निघालेल्या गारगोट्या सोडल्या तर आपली वाळू काळी, जड आणि लवकर कुजणारी. ती हजार किलोमीटर टिकत नाही. वाटेतच तिची माती होते. त्रिभुज प्रदेशातली पांढरी, टिकाऊ वाळू मुख्यतः कर्नाटक-तेलंगणातल्या ग्रॅनाइट आणि नाइस खडकांची आहे, तुंगभद्रेनं आणि कृष्णेच्या खालच्या वाटेनं दिलेली. आपण देतो ती चिकणमाती. ज्या खनिजामुळे काळी रानं पावसात फुगतात आणि उन्हाळ्यात भेगाळतात ते स्मेक्टाइट, आणि बंगालच्या उपसागराच्या पश्चिम भागातल्या गाळात ते भरपूर सापडतं. कृष्णा-गोदावरीनं दख्खनच्या बेसाल्टवरून नेलेलं ते आहे, हे अभ्यासकांनी ओळखलंय. म्हणजे पोटातली वाळू बहुतेक दुसऱ्यांची, पण तोंडावरच्या लिंपणात आमच्या रानांची माती आहे. मला याचा अभिमान वाटतो. झाकण नसेल तर पेवात काही राहत नाही.

समुद्राचा फुगवटा मात्र सांगलीपर्यंत कधी आलेला नाही. तो येऊही शकत नव्हता. मध्ये हजारभर किलोमीटर, पाचशे मीटरची चढण आणि कठीण खडकांचे उंबरे. मग वाई, कऱ्हाड, सांगलीच्या काठाला ज्या उंच दरडी दिसतात, तळाशी चुन्यानं सांधलेले गोटे आणि वर चुनखडीचे खडे असलेला पिवळट-तपकिरी पोयटा, त्या कुणी घातल्या? डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू आणि पुणे विद्यापीठाचे विश्वास काळे यांनी दख्खनच्या नद्यांचे असे थर तपासून १९८७ साली 'नेचर'मध्ये मांडलं, की इथलं भरणं-कापणं पावसानं चालवलं. हिमयुगात मान्सून रोडावला, नद्यांची गाळ ओढायची ताकद गेली आणि त्यांनी पात्रं भरली. नंतर मान्सून बळावला आणि त्यांनी तीच भर कापली. म्हणून काठावरची प्रत्येक दरड फुगवट्याच्या नावावर टाकू नये. त्याचा मान मोठा आहे, पण तो जिथं नव्हता तिथं त्याला बसवला तर वाचणारा फसतो.

त्याचं काम डोळ्यांदेखत बघायला समुद्रावर जावं लागत नाही. मे महिन्यात धोमच्या जलाशयाच्या कडेला उतरावं. पाणी खाली गेलेलं असतं आणि काठावर जिथं जिथं ओढा आत येतो तिथं वाळू-मातीचा पंखा उघडा पडलेला असतो. भरल्या धरणात ओढ्यानं तो वरच्या पातळीला टाकलेला. पाणी उतरलं तसा ओढ्यानं स्वतःचाच पंखा मधोमध कापला, आणि तीच वाळू पुढे नेऊन खालच्या पातळीला दुसरा, छोटा पंखा टाकला. पाणी जिथं जिथं काही दिवस ठरलं तिथं तिथं एकेक पायरी. वरच्या पंख्याच्या कापलेल्या कडेत हात घालावा: वर भरड, आत बारीक, सगळे थर पाण्याकडे कललेले. कृष्णेच्या मुखाशी वीस हजार वर्षांत झालं ते इथं एका ओढ्यानं ऑक्टोबर ते मे एवढ्यात केलेलं असतं. जूनमध्ये पहिल्या पावसात पाणी चढतं आणि खालच्या पायऱ्या गाळाखाली जातात. शाळेतल्या पोरांना भूगोल शिकवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

आता अलमट्टी, खाली कर्नाटकात कृष्णेवर बांधलेलं धरण. सांगलीत फुगवटा हा शब्द काढला की पुढचा शब्द अलमट्टी असतो. धरणात आज ५१९.६० मीटरपर्यंत पाणी साठतं. कृष्णेच्या पाणीवाटपासाठीच्या ब्रिजेशकुमार लवादानं २०१० साली ते ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याची मुभा दिली, आणि महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे. २०१९ च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. काठावरच्या पुष्कळ लोकांना ते पटलं नाही. माझं मत असं आहे की आपण भांडतो तो प्रश्न अपुरा आहे. आपण विचारतो, महापुराच्या दिवशी अलमट्टीनं सांगलीचं पाणी किती इंच वाढवलं? त्याचं उत्तर थोडं असेल किंवा नसेलही. पण फुगवटा एका दिवसाचं काम करत नाही. जलाशयाच्या मुखाशी नदी मंदावते आणि वाळू तिथं बसते. त्या वाळूनं तळ उंचावतो, म्हणून पुढच्या वर्षी नदी आणखी अलीकडे मंदावते आणि आणखी अलीकडे वाळू टाकते. अशानं पाण्याची पातळी तीच राहूनही फुगवट्याचा मुक्काम वर वर सरकू शकतो. मधले हिप्परगी, राजापूर, म्हैसाळचे बंधारे आपापल्या परीनं तेच करतात. बरगे वेळेवर निघाले तर गाळ वाहून जातो, राहिले तर बसतो. उलट बाजूनं वाळूउपसा तळ खाली नेतो. या सगळ्यांची गोळाबेरीज काय, हे दरवर्षी पावसाळ्यानंतर ठरलेल्या जागी पात्राचे आडवे छेद मोजूनच कळेल, आणि ते आकडे आयर्विनच्या फुटांसारखे काठावरच्या माणसाला रोज बघता आले पाहिजेत. ५२४ च्या वादात दोन्ही राज्यांनी आधी हे मोजमाप मांडावं.

खालच्या टोकाला तर हिशेब लागलाय. विजयवाड्याशी कृष्णा वर्षाला जो तरंगता गाळ आणायची तो १९६६-६९ मध्ये सुमारे ९० लाख टन होता. २०००-०५ मध्ये तो ४ लाख टनांवर आला. त्रिभुज प्रदेशाचा किनारा आता जागोजाग खचतोय, कारण समुद्राला रेटायला वाळूच येत नाही. ती अलमट्टी, नारायणपूर, जुराला, श्रीशैलम, नागार्जुनसागर यांच्या मागे थांबली आहे. प्रत्येक जलाशयाच्या मुखाशी एक नवा, माणसानं पातळी ठरवून दिलेला त्रिभुज प्रदेश वाढतोय: तोंडाशी वाळू, भिंतीकडे माती. श्रीशैलमची मूळ साठवण ३०८ टीएमसीची. नंतरच्या मोजणीत ती २१५ वर आली. तुंगभद्रेचा गाळ त्यात आहे, भीमेचा आहे, आणि सातारा-सांगलीच्या रानांचाही आहे. कमी झालेली साठवण ९० टीएमसीहून जास्त भरते. साताऱ्यातलं कोयना धरण काठोकाठ भरतं तेव्हा त्यात पाणी असतं १०५ टीएमसी.